मासळीच्या गाडीचं पाणी रोज कमी होतंय? आधी गळती शोधा, मग पाना उचला



होळी झाली की सोसायटीच्या ऑफिसात एक तक्रार हमखास सुरू होते. "भाऊ, गाडी हीट मारते. रोज सकाळी लिटर-दीड लिटर पाणी टाकावं लागतं. पण गळतं कुठून ते काही दिसत नाही." मग एक मिस्त्री सांगतो रेडिएटर बदला, दुसरा सांगतो हेड खोलावं लागेल, तिसरा थर्मोस्टॅट काढून बाजूला फेकतो आणि म्हणतो आता जा बिनधास्त. पैसे जातात आणि पाणीही जातच राहतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी सवडीनं वाचावी, आणि घरात जो गाडी चालवतो त्याला वाचून दाखवावी.

आपल्या भोपाळच्या मच्छीमारांचं इंजिन पाण्यात नाही, रस्त्यावर आहे. मोठ्या तलावात आपली होडी वल्ह्यावर चालते. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं तिथल्या क्रूझ आणि मोटर बोटी बंद करायला सांगितल्या, त्याचाही आपल्या वल्ह्याला काही फरक पडला नाही. पण हलाली, कोलार, बारना, तवा या धरणांवरची मासळी शहरात येते ती गाडीनं. आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या गाड्या जुन्या. दहा-पंधरा वर्षं झालेला छोटा हत्ती, नाहीतर हाताबदल करून आलेली पिकअप. उन्हाळ्यात मासळीएवढाच बर्फ घालावा लागतो, म्हणजे तीन क्विंटल मासळी घेतली की गाडीवर सहा क्विंटल वजन झालं. मे महिन्यात पारा 42 च्या वर, नर्मदापुरमकडून येताना बुधनी सोडलं की विंध्याचा चढ, आणि त्यात रेडिएटर अर्धा रिकामा. अशी गाडी औबेदुल्लागंजच्या अलीकडे बंद पडली तर इंजिनाचं नुकसान वेगळं आणि मासळीचं वेगळं. बर्फ कोणासाठी थांबत नाही.

आधी मासळीच्या गाडीची एक खास अडचण सांगतो, कारण ती मिस्त्रीच्याही लक्षात येत नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली ओल दिसली की तो लगेच वाकून बघतो. आपली गाडी तशीही गळतच असते. बर्फ वितळतो, क्रेटमधून पाणी उतरतं, फाळक्यातून चेसिसवर येतं आणि तिथून वाट मिळेल तिकडे टपकतं. घरासमोर गाडी लावली की खाली रोज ओल. त्या ओलीत इंजिनाचं पाणी मिसळलं तरी कोण ओळखणार? गळती महिना-महिना लक्षात येत नाही ती यामुळे. शिवाय मासळीचं पाणी, खारट बर्फ आणि चिकटा यांनी खालचे लोखंडी पाइप, क्लॅम्प, रेडिएटर बसवायचे पत्रे लवकर गंजतात. भाजीच्या गाडीपेक्षा मासळीच्या गाडीत ही भानगड लवकर येते.

मग ओळखायचं कसं? गाडी रिकामी करा, मागचा हौदा धुऊन काढा, सगळं निथळू द्या. रात्री इंजिनाखाली पुढच्या चाकांपासून सीटच्या मागेपर्यंत मोठे पुठ्ठे अंथरा. टीव्ही-फ्रिजचा पुठ्ठा चालतो. पुठ्ठ्यावर पेनानं खूण करा की पुढची बाजू कुठली, डावी कुठली. सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा. हे काम घरातल्या बायका जास्त नीट करतात असा माझा अनुभव आहे, कारण चालवणाऱ्याला सकाळी निघायची घाई असते. डाग पुढे असेल तर रेडिएटर किंवा खालचा पाइप. बेल्टच्या बाजूला असेल तर वॉटर पंप. मागे, जिथं इंजिन गिअरबॉक्सला जुळतं तिथं असेल तर इंजिनाच्या मागच्या अंगाला काहीतरी आहे. ज्यांच्या गाडीत हीटर आहे त्यांनी पायाखालचं मॅट उचलूनही बघावं, आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळाला तर ओल गाडीच्या आत येते.

बर्फाचं पाणी आणि कूलंट यातला फरक बोटाला कळतो. बर्फाचं पाणी वाळतं आणि मासळीचा वास येतो. कूलंट बोटांमध्ये चोळलं तर तेलकट-चिकट लागतं, लवकर वाळत नाही, वास गोडसर असतो आणि रंग हिरवा, लाल किंवा गुलाबी असतो. चाखून बघू नका. ते विष आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ज्यांनी रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी भरलं आहे त्यांना मात्र रंगही दिसणार नाही आणि चिकटपणाही नाही. कूलंट घालण्याचा एक फायदा हाही आहे की गळती स्वतःची जागा दाखवते. जिथून झिरपतं तिथं पांढरी, हिरवट किंवा तांबूस खपली धरते. ती खपली शोधायची. ओल वाळून जाते, खपली राहते.

इथं ढक्कनाबद्दल थांबून सांगायला हवं, कारण निम्मे घोटाळे तिथे होतात. रेडिएटरचं ढक्कन म्हणजे नुसतं झाकण नाही. त्यात स्प्रिंग आणि रबर असतं आणि ते आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं. ढक्कनावर 0.9 किंवा 13 असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा आकडा. चुलीवरचं पाणी शंभर अंशाला उकळतं. तेच पाणी एवढ्या दाबाखाली जवळजवळ एकशे वीस अंशापर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलेलं असेल तर अजून थोडं पुढे जातं. आपल्या घरच्या कुकरचंच तत्त्व. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब राहत नाही, चढावर पाणी लवकर उकळतं आणि बाजूच्या बाटलीत फेकलं जातं. बाटली भरली की रस्त्यावर. आणि नंतर इंजिन थंड झालं की हेच ढक्कन बाटलीतलं पाणी परत आत ओढून घेतं. त्यातला लहान व्हॉल्व अडकला तर पाणी परत येत नाही. थंड इंजिनावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर समजा की ढक्कन हवा-पाणी आत घेत नाही.

आपल्या एका सभासदाच्या छोटा हत्तीचं असंच झालं होतं. रोज पाणी कमी, पण पुठ्ठ्यावर थेंब नाही. एका गॅरेजनं रेडिएटर बदलून दिला. चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. दुसरीकडे थर्मोस्टॅट काढला. शेवटी बघितलं तर बाटलीला जाणारी बारीक रबरी नळी मध्येच चिरलेली होती आणि ढक्कनाचं रबर दगडासारखं झालेलं. गाडी चालू असताना, चढावर, गरम पाणी त्या चिरेतून रस्त्यावर सांडत होतं. घरी आल्यावर थंड गाडीखाली काय दिसणार? नवं ढक्कन आणि हातभर नळी, एवढ्यात काम झालं. नवा रेडिएटर फुकट गेला असं म्हणणार नाही, पण त्याची गरज नव्हती. ढक्कन विकत घेताना जुन्यावरचा आकडाच मागा. जास्त आकड्याचं ढक्कन बसवलं तर जास्त चांगलं असं नाही, जुना रेडिएटर आणि पाइप तो दाब झेलत नाहीत.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिन पूर्ण थंड हवं. पूर्ण थंड म्हणजे वरच्या पाइपाला हात लावला तर गरम लागत नाही आणि दाबला तर मऊ लागतो. चालून आलेल्या गाडीला यासाठी किमान तासभर लागतो, उन्हात जास्त. गरम असताना ढक्कन उघडलं तर आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर, छातीवर येतं. कपडा धरून हळूच उघडतो असं म्हणणारे पुष्कळ भाजले आहेत. कोणी भाजलंच तर वीस मिनिटं साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखान्यात न्या. बर्फ लावू नका, गाडीत कितीही असला तरी. टूथपेस्ट, हळद काही नाही.

थंड झाल्यावर सुरुवात पाइपांपासून करा, कारण ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा तेच असतं. वरचा, खालचा, हीटरचा, बायपासचा, प्रत्येक पाइप हातानं दाबत जा. चांगला पाइप दाबून सोडला की परत फुगतो. खराब झालेला एकतर पावासारखा मऊ लागतो, नाहीतर दाबल्यावर कुरकुर आवाज येतो आणि बारीक चिरा दिसतात. क्लॅम्पच्या कडेला फुगलेला पाइप लगेच बदला, तो फुटणारच आहे. डिझेल किंवा ऑइल लागून मऊ झालेल्या पाइपाचंही तेच. क्लॅम्पजवळ खपली असेल पण पाइप चांगला असेल तर क्लॅम्प बदला. खूप गाड्यांमध्ये सकाळी थंड असताना टपकतं आणि गरम झाल्यावर थांबतं, ते बहुतेक वेळा सैल क्लॅम्पचं असतं. मात्र जोर लावून आवळू नका, पट्टी रबरात घुसते आणि नवीन पाइप महिन्याभरात कापला जातो. पाइप बसवायच्या आधी धातूच्या नळीवरचा गंज आणि क्षार बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. हे कोणी करत नाही, आणि मग नवा पाइपही गळतो म्हणून कंपनीला शिव्या देतात.

नंतर वॉटर पंप, काही मिस्त्री याला वॉटर बॉडी म्हणतात. पंपाच्या पोटाखाली एक लहान भोक असतं. ते कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं, म्हणजे बेअरिंगमध्ये शिरत नाही आणि आपल्यालाही कळतं. तिथं ओल किंवा खपलीचा ओघळ दिसला तर पंपाचं आयुष्य संपत आलं. त्या भोकात एम-सील भरणारे महाभाग आहेत. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग जाम होतं, बेल्ट तुटतो आणि काही गाड्यांत पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. इंजिन बंद ठेवून पंपाची पुली हातानं वर-खाली हलवून बघा, खेळ असेल तर पंप बदला. कबाडखान्यात जुने पार्ट स्वस्त मिळतात. हेडलाइट, आरसा, दरवाजा घ्या तिथून. वॉटर पंप आणि पाइप जुने घेऊ नका.

रेडिएटर बघताना टॉर्च घ्या. जाळीवर कुठे ओला, काळपट किंवा हिरवट पट्टा आहे का, कडेच्या टाकीच्या सांध्यावर खपली आहे का. जुन्या गाडीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर नशीबवान समजा. रेडिएटरवाला त्याला डाख देऊ शकतो, टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून साफही करतो, त्याला ते लोक रॉडिंग म्हणतात. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. प्लास्टिकला चीर गेली की डाख चालत नाही, चिकटवलेलं उन्हाळाभर टिकत नाही. तिथं टाकी किंवा पूर्ण रेडिएटर बदलणंच स्वस्त पडतं.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर दाबाची टेस्ट. हातपंपासारखं एक साधन असतं, त्यावर दाबाचा काटा असतो. ढक्कनाच्या जागी ते बसवायचं आणि ढक्कनावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, जास्त नाही. पंधरा मिनिटं थांबायचं. काटा खाली आला तर कुठेतरी गळतंय, आणि इंजिन थंड आणि बंद असल्यामुळे सगळीकडे हात घालून बघता येतं. याच साधनानं ढक्कनाचीही टेस्ट होते. रेडिएटर बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी ही टेस्ट करायला सांगा. तो नको म्हणाला तर दुसरा मिस्त्री बघा. सायकलच्या किंवा टायरच्या पंपानं हवा भरून ही टेस्ट करू नका, दाब किती गेला ते कळत नाही आणि चांगला रेडिएटर फाटतो.

काटा खाली येतोय पण बाहेर एक थेंब नाही, अशी वेळ आली तर काळजी करायची. पाणी इंजिनाच्या आत जातंय. हेड गॅस्केट गेलं असेल तर खुणा अशा. थंड गाडीचं ढक्कन उघडून स्टार्ट केली की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. स्टार्ट केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी गरम व्हायच्या आधीच, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतो आणि गाडी गरम झाली तरी थांबत नाही. जानेवारीच्या सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, तिला घाबरू नका. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि सिलिंडरमध्ये पाणी भरलं असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण ऑइल-पाणी एक झालं म्हणजे हेडच गेलं असं लगेच मानू नका. बऱ्याच डिझेल इंजिनांत ऑइल कूलर असतो, त्याच्या आतली भिंत फुटली तरी दोन्ही एक होतात. नव्या गाड्यांत ईजीआर कूलर फुटला तर पाणी धुरातून निघून जातं. हेड खोलायच्या आधी मिस्त्रीनं हे दोन्ही तपासले का ते विचारा. हेड खोललंच तर ते लेथवाल्याकडून सपाटी तपासून घ्या. तापून वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट घातलं तर ते परत जाणार. पैसे वाचवायला इथे जागा नाही.

रस्त्यात काय करायचं

काटा लाल खुणेकडे चालला तर एसी असेल तर बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात वेडेपणा वाटेल, पण तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. तरी काटा उतरला नाही तर सावली बघून गाडी लावा आणि इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत नेतो" यात हेड जातं. अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तोपर्यंतच खरं सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. आधी वर गेलेला काटा अचानक खाली आला, इंजिनाचा आवाज जड झाला, गरम वास येतोय, तर गाडी थंड झाली असं समजू नका. लगेच थांबा.

थांबल्यावर पहिला फोन दुसऱ्या गाडीसाठी करा, मिस्त्रीला नंतर. इंजिन थंड व्हायला तास, शोधायला अर्धा तास, पाइप आणायला कोणाला मंडीदीपला पाठवलं तर अजून दोन तास. तेवढ्यात ताडपत्री ओली करून क्रेटवर टाका, बर्फ वरच्या थरात सरकवा, हौदा सारखा उघडून बघू नका.

पाइपाला लहान चीर असेल तर तात्पुरता इलाज आपल्या लोकांना माहीत आहे. पाइप कोरडा करून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून, एकावर एक गुंडाळायची आणि दोन्ही टोकांना तार किंवा क्लॅम्प लावायचा. चीर टोकाजवळ असेल आणि पाइप लांबीला पुरत असेल तर तेवढा तुकडा कापून परत बसवा, हा जास्त चांगला इलाज. अशा वेळी ढक्कन पहिल्या खाचेवरच ठेवतात म्हणजे दाब बनत नाही आणि पट्टी टिकते. चालतं, पण दाब नाही म्हणजे पाणी लवकर उकळणार. तीस-चाळीसच्या वेगानं, काट्यावर नजर ठेवून, दर थोड्या अंतरावर थांबत जवळच्या गॅरेजपर्यंतच जा. माल दुसऱ्या गाडीत टाकूनच.

हळदीचं काय, असं दोघांनी विचारलं. रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक भोक बंद होतं हे खरं आहे. पूड फुगते आणि भोकात अडकते. पण जी पूड भोकात अडकते तीच रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही अडकते. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या पुडीचंही तेच आहे. अडल्यावेळी, जंगलात, एखाद्या टाचणीएवढ्या भोकासाठी ठीक. घरी बसून, इलाज म्हणून दर आठवड्याला टाकू नका. पुढे रॉडिंगवाल्याला त्या नळ्यांतून पिवळा गाळ काढावा लागतो.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, आणि बर्फाचं पाणी तर मुळीच नाही. हेडला तडा जातो. थंड झाल्यावर, थोडं थोडं, हळू टाका. रस्त्यात दुसरं काही नसेल तर हँडपंपाचं, नाहीतर धरणाचं पाणी कपड्यानं गाळून चालेल, पण घरी आल्यावर ते काढून टाका. धरणाच्या पाण्यात गाळ आणि शेवाळ, बोअरच्या पाण्यात क्षार. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसा आत बसतो.

भरताना आणि काढताना

दुरुस्तीनंतर कूलंट आणि बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा, डब्यावर "रेडी टू यूज" लिहिलेलं असेल तर पाणी मिसळायचं नाही. जुनं हिरवं असेल आणि नवं लाल आणलं असेल तर मिसळू नका. काही कूलंट एकमेकांत मिसळले की जेलीसारखा गाळ होतो. पूर्ण काढून, साध्या पाण्यानं दोनदा धुऊन मगच दुसरं भरा. भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, ढक्कन उघडं ठेवून थंड इंजिन स्टार्ट करा, हीटर चालू ठेवा, पाइप हलकेच दाबत राहा. आतली हवा बुडबुड्यांनी निघते आणि पातळी खाली जाते, तेवढं परत भरा. वरचा पाइप गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, तो साधारण 82 ते 88 अंशाला उघडतो. मग ढक्कन लावा. हवा आत राहिली तर सगळं नवं असूनही गाडी हीट मारते आणि बिचाऱ्या मिस्त्रीवर संशय येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. त्याच्याशिवाय हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासनंच फिरत राहतं, म्हणजे उलट जास्त तापतं. खराब असेल तर नवा बसवा. जुना तपासायचा असेल तर पातेल्यात पाण्यात टाकून उकळा, उघडताना डोळ्यांनी दिसतो. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका, वहिनी मला बोलतील.

काढलेल्या कूलंटबद्दल कडकच सांगतो. ते गोड असतं म्हणून कुत्रं, गाय, शेळी चाटतात आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मूलही प्यायलं तर तेच होईल. कूलंट पाण्याच्या बाटलीत किंवा कोल्डड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. घाटावर, तलावाच्या काठावर, नाल्यात गाडीचं पाणी सोडू नका. मोठा तलाव 2002 पासून रामसर यादीत आहे हे आपण भाषणात ऐकतो, पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे शहराचा मोठा भाग तेच पाणी पितो आणि आपली मासळीही त्यातच वाढते. खाली घमेलं लावा, कॅनमध्ये भरा, कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा आणि गॅरेजमध्ये द्या.

रायगड-रत्नागिरीकडचे आपले नातेवाईकही हे पान वाचतात, त्यांच्यासाठी थोडं. बोटीतल्या डिझेल इंजिनात बऱ्याचदा दोन पाणी असतात, आतलं गोडं आणि बाहेरून खेचलेलं खारं, आणि मधल्या हीट एक्स्चेंजरमध्ये आतली उष्णता बाहेरच्या पाण्यात जाते. टाकीतलं गोडं पाणी कमी होतंय पण बोटीच्या तळाशी कूलंट दिसत नाही, तर एक्स्चेंजरची नळी आतून फुटली का ते आधी बघा, कूलंट समुद्रात चाललं असेल. आणि गाडी तापल्यासारखी बोट तापली तर पहिल्यांदा खारं पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी इम्पेलर आणि पाणी आत येण्याची जाळी बघा. प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते.

वेळेचं म्हणाल तर 16 जून ते 15 ऑगस्ट बंद ऋतू आहे, गाड्या तशाही उभ्या असतात. रॉडिंग, पंप, हेडचं मोठं काम तेव्हा करा, रेडिएटरवाल्याकडेही गर्दी कमी असते. पण पाइप, क्लॅम्प, ढक्कन आणि बेल्ट याच आठवड्यात बघा, कारण मे महिना अजून जायचा आहे. गाडीत एक जादा वरचा पाइप, दोन क्लॅम्प, स्क्रू ड्रायव्हर, ट्यूबची पट्टी आणि पाच लिटर स्वच्छ पाणी कायम ठेवा. पाच वर्षांहून जुना पाइप चांगला दिसला तरी बदलून टाका.

दाबाची टेस्ट करायचं साधन सोसायटीच्या ऑफिसात घेऊन ठेवलं आहे. सकाळी दहा ते एक या वेळात सभासदांना मिळेल, भाडं नाही. वहीत नाव आणि गाडीचा नंबर लिहून न्यायचं आणि संध्याकाळपर्यंत परत आणायचं, म्हणजे दुसऱ्याला मिळेल. सोबत तीन मापांची जोडणी आहे, तिन्ही मोजून परत द्या. आपल्या गाडीचं ढक्कन कुठल्या मापाचं आहे हे माहीत नसेल तर जुनं ढक्कन सोबत घेऊन या.

— सचिव